प्यो इन-सुकच्या रेकॉर्डखोलीतलं सत्त्याऐंशी साल

बुसानच्या टेकडीवरच्या त्या रेडिओ केंद्रात प्यो इन-सुक बारा-तेरा वर्षं रेकॉर्डखोली सांभाळत होती. खोली तळमजल्यावर, खिडकी एकच, आणि तीही मागच्या भिंतीकडे उघडणारी. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी मांडण्या आणि त्यात सव्वीस हजार रेकॉर्डी. कुठली कुठे आहे ते वहीत लिहिलेलं होतं, पण इन-सुकला वही उघडावी लागत नसे. निवेदकानं दारातून गाण्याचं नाव म्हणायचं, की ती शिडी सरकवून वर चढलेली असायची.

तिच्या टेबलाच्या खणात दोन इंची खिळा असे. वरून सरकारी यादी यायची. अमुक गाणं निराशा पसरवतं, तमुक गाण्याची गायकी हलकी, एका गाण्यानं म्हणे लोकांचा एकमेकांवरचा विश्वास उडतो. यादी आली की इन-सुक ती रेकॉर्ड काढायची, मऊ फडक्यावर ठेवायची आणि बंदीच्या गाण्यावर खिळ्यानं आडवा ओरखडा काढायची. एका रेकॉर्डवर पाच-सहा गाणी असतात. शेजारच्या गाण्याला धक्का न लावता नेमकं एकच गाणं मारायचं, याला हात लागतो. तिचा हात तसा होता. दुसऱ्या केंद्रांत संपूर्ण रेकॉर्डच खरवडून टाकतात हे ऐकून तिला त्या लोकांच्या गबाळेपणाचा राग यायचा. गाणं मारण्याचा राग मात्र तिला तोवर कधी आला नव्हता. काम होतं, केलं.

तिला दोष द्यावा असंही नाही. एक्केचाळीस सालचा तिचा जन्म, उत्तरेकडच्या हुंगनामचा. नऊ वर्षांची असताना, कोरियन युद्धात, डिसेंबरच्या थंडीत आईचा पदर धरून ती जहाजात चढली होती. वडील मागून येतो म्हणाले ते आलेच नाहीत. बुसानला डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या झोपडीत वाढलेली मुलगी. सरकारी बाकावर बसायला मिळालं, पगार महिन्याच्या महिन्याला आला, यापुढे तिनं जगाकडून फार काही मागितलं नव्हतं. नवरा हाम दॉक-सू शहराच्या बसवर ड्रायव्हर. त्याचं धोरण तर याहून सोपं होतं: मान खाली, हात स्टिअरिंगवर.

त्या साली जानेवारीत एक बातमी आली. बुसानचाच एक मुलगा सोलला शिकायला गेला होता. तो पोलिसांच्या चौकशीत मेला. पोलिसांनी सांगितलं, आम्ही टेबलावर हात आपटला, तर तो दचकून मेला.

केंद्रात ही बातमी वाचायची तशी वाचली गेली. पण संध्याकाळी घरी दॉक-सूनं जेवता जेवता चमचा खाली ठेवला, टेबलावर हात आपटला आणि बायकोकडे बघितलं.

"मेलीस?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

"मग काय म्हणायचं यांना," असं म्हणून तो परत सार प्यायला लागला. एवढंच. पण बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं सरकारबद्दल काढलेला तो पहिला शब्द होता, आणि तो इन-सुकच्या मनात राहिला.

मग जून उजाडला. दहा तारखेला संध्याकाळी सहा वाजता देशभर गाड्यांनी सरकारच्या निषेधाचे हॉर्न वाजवायचे, असं ठरल्याचं कानोकानी पसरलं होतं. सहाची वेळ का, तर रोज त्याच वेळी झेंडा उतरत असे. सगळीकडच्या कर्ण्यांतून राष्ट्रगीत लागायचं आणि रस्त्यावरची माणसं असतील तिथे थबकून उभी राहायची. त्या दिवशी इन-सुक साडेपाचला सुटली आणि डेचोंगच्या थांब्यावर उभी राहिली. आली ती नेमकी नवऱ्याचीच बस. ती चढून पुढच्या सीटवर, त्याच्या पाठीमागे बसली.

"वाजवणार आहात का?" तिनं हळूच विचारलं.

"कशानं वाजवू? डोक्यानं? सकाळीच डेपोत हॉर्नच्या वायरी कापून घेतल्या सगळ्या गाड्यांच्या."

"बरंच झालं," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं.

सहाला राष्ट्रगीत सुरू झालं. बस चौकात उभी होती. पुढे टॅक्स्या, मागे ट्रक, शेजारी माशांचा टेम्पो. एक क्षण नेहमीसारखंच सगळं थबकलं होतं. मग कुठेतरी एक टॅक्सी वाजली. दुसरी वाजली. आणि मग बंदरापासून डोंगरापर्यंत एवढा आवाज उठला की इन-सुकच्या हातातली पिशवी थरथरायला लागली. त्यात त्यांची बस मुकी. मागच्या सीटवरची एक म्हातारी ओरडली, "अहो ड्रायव्हर, तुमचा घसा बसलाय का?"

"वायर कापलीय, मावशी!"

"मग आमचे हात कापलेत का?" असं म्हणून म्हातारीनं बसच्या पत्र्यावर थाडकन हात मारला. शेजारच्यानं मारला. मिनिटभरात सगळी बस आतून ढोलासारखी वाजत होती. खिडक्यांतून पांढरे रुमाल बाहेर आले होते. दॉक-सू समोर बघत होता, पण त्याचा उजवा पाय जमिनीवर ताल धरत होता, हे मागे बसलेल्या बायकोला दिसलं.

आणि फुटपाथवरून पोरं गात निघाली. विद्यार्थी होते, टाय लावलेले कारकून होते, गोदीतले हमाल होते. ते गात होते ते गाणं ऐकून इन-सुक सीटवरून उठली.

"थांब रे नावाड्या, अजून एक जण यायचाय."

गाणं होतं 'उशिराची नाव'. गायिका मोक यॉन-सिल. तिची ती एकच रेकॉर्ड निघाली होती. पंचाहत्तरच्या डिसेंबरात बंदी आली. कारण लिहिलं होतं, 'अनावश्यक अंधार'. यादीतलं ते पहिलंच नाव होतं आणि इन-सुकनं आयुष्यात खिळ्यानं मारलेलं ते पहिलं गाणं. तेव्हापासून बारा वर्षं ते कुठल्याही रेडिओवर वाजलं नव्हतं. दुकानांतून उचललेलं होतं. आणि समोर ज्या पोरांना ते येत होतं, त्यांतली निम्मी तेव्हा सात-आठ वर्षांची असतील. त्यांना ध्रुवपद येत होतं, तिन्ही कडवी येत होती, दुसऱ्या कडव्यानंतरचा गायिकेचा तो लांब श्वाससुद्धा ती पोरं घेत होती. जानेवारीत गेलेल्या मुलाचा फोटो पुढे धरून ती गात होती. त्यामुळे यायचा राहिलेला तो एक जण कोण, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

अश्रुधुराची नळकांडी फुटली तेव्हा दॉक-सूनं बस गल्लीत घातली. इन-सुकच्या डोळ्यांना धार लागली होती. धुरानं लागली होती हे खरंच, पण धूर विरल्यावरही ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम करणाऱ्या मि-रानला तिनं विचारलं. मि-रान सत्तावीस वर्षांची, तोंडाळ, इन-सुकला ताई म्हणणारी.

"तुला 'उशिराची नाव' येतं?"

"येतं की."

"कुठे ऐकलंस? खरं सांग."

"आईकडून. जागालची बाजारात मासे कापताना म्हणायची. मला कितीतरी वर्षं वाटायचं, आईनंच रचलंय." मि-राननं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "का हो ताई? परत यादी आली का?"

"नाही गं," इन-सुक म्हणाली. पण त्या दिवशी ती मांडण्यांकडे बघत बसली. लाल पट्टी लावलेली चारशेवर पाकिटं होती. तिनं आजवर समजून चालवलं होतं की लाल पट्टी लागली म्हणजे गाणं संपलं. आणि ही गाणी बाहेर मासे कापत होती, कपडे धूत होती, पोरं निजवत होती. आपल्या सव्वीस हजारांपेक्षा बाहेर मोठी रेकॉर्डखोली आहे आणि तिला ना दार ना कुलूप, हे त्या दिवशी तिच्या लक्षात आलं.

तो महिना असाच गेला. कॅथलिक चर्चच्या केंद्रात पोरं ठिय्या देऊन बसली, तर जागालचीच्या बायका डोक्यावर घमेली घेऊन समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताचे किमबाप पोचवायच्या. एका पोलिसानं अडवलं तर एक म्हणाली, "तुझी आई माझं गिऱ्हाईक आहे, बाजूला हो," आणि तो बाजूला झाला. हे इन-सुकनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. दुपारच्या सुट्टीत ती रोज तिकडून चक्कर मारायला लागली होती. एकदा परतताना तिच्या हातात कुणीतरी घमेलं दिलं आणि तिनंही ते मुकाट्यानं पोचवलं.

एकोणतीसला सकाळी घोषणा झाली की राष्ट्राध्यक्ष आता थेट लोकांच्या मतानं निवडू. समोरच्या चहा-कॉफीच्या दुकानावर पाटी लागली, 'आज आनंद आहे, पैसे घेणार नाही'. दॉक-सूला डेपोत वायर परत मिळाली. त्यानं घरी येऊन सांगितलं, "पहिल्या फेरीत कारण नसताना तीनदा वाजवला."

ऑगस्टमध्ये बंदीच्या गाण्यांची मोठी यादी मोकळी झाली. विभागाचे ग्वाक साहेब कागद घेऊन रेकॉर्डखोलीत आले. याच साहेबांनी बारा वर्षं तिच्याकडे बंदीचे कागद आणले होते.

"प्योबाई, यांतली दहा-बारा काढा. मि-रानच्या दुपारच्या कार्यक्रमात लावायचीत. पहिलं 'उशिराची नाव'. लोकांचे फोन येतायत."

"वाजणार नाही, साहेब."

"का?"

"मी मारलंय ते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दुसरी प्रत?"

"एकच होती. सोलला विचारलं. त्यांचीही तशीच आहे."

साहेबांनी हातातला कागद तिच्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही मारलंत म्हणू नका. सही माझी आहे त्या कागदावर." आणि गेले. इन-सुकला ते बोलणं अनपेक्षित होतं.

मि-राननं त्या दुपारी रेडिओवरून सरळ सांगून टाकलं, "'उशिराची नाव'ची आमच्याकडची प्रत खराब आहे. कुणाकडे चांगली असेल तर दोन दिवस उसनी द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "बाई, खाली या जरा. माणसं आलीत."

"किती?"

"तुम्ही याच."

फाटकापासून उताराच्या वळणापर्यंत रांग होती. प्रत्येकाच्या काखेत चौकोनी काहीतरी. कुणी फुलाफुलांच्या फडक्यात बांधलेलं, कुणी वर्तमानपत्रात, कुणी उशीच्या खोळीत. एकानं बालगीतांच्या पाकिटात घालून बारा वर्षं पोरांच्या कपाटात ठेवली होती. एका आजोबांनी ती खोलीच्या जमिनीवर चिकटवायच्या जाड कागदाखाली लपवली होती, पण इथल्या घरांच्या जमिनी हिवाळ्यात खालून तापतात, तेव्हा ती वाळवलेल्या माकुळासारखी वाकडी झाली होती. "वाजत नाही, ठाऊक आहे," ते म्हणाले, "पण बघून तरी घ्या." एक साध्या कपड्यांतला माणूस सारखा इकडे तिकडे बघत होता. इन-सुकनं नाव विचारलं तर म्हणाला, "बायकोचं लिहा. मी पोलिसात आहे."

इन-सुकनं टेबल बाहेर आणून टाकलं. एकेकाचं नाव, पत्ता, रेकॉर्डची अवस्था असं लिहून घ्यायला लागली. एक्केचाळीस झाल्या. ती गाण्याबद्दल काही विचारायची नाही, आणि तरी प्रत्येक जण सांगत होता: हे माझ्या लग्नाच्या वर्षातलं, हे भावाचं, तो समुद्रावर गेला. बारा वर्षं यातल्या कुणी दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. वळणाच्या घरांत शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन बायका रांगेत एकमेकींच्या पुढे-मागे आल्या आणि एकमेकींकडे बघून हसतच सुटल्या. "तुझ्याकडे होती? आणि मी आवाज बारीक करून ऐकायची, तुला कळू नये म्हणून!"

खोलीत नेऊन तिनं सगळ्या वाजवून बघितल्या. झिजलेल्या होत्या. लोकांनी त्या ऐकून ऐकून पातळ करून टाकल्या होत्या. कुठे खरखर, कुठे उडी. शेवटची एक यॉन्गडो बेटावरच्या बाईनं आणली होती, आणि ती अजून दारातच थांबली होती. जहाजांच्या तळाला लागलेला गंज हातोडीनं ठोकून काढायचं काम ती करायची. सतत त्या ठोकाठोकीत राहून तिला कमी ऐकू येत होतं. ती रेकॉर्ड इन-सुकनं दिव्याखाली धरली आणि तिला विश्वासच बसेना. एकही रेघ नव्हती. नवी कोरी काळी चमक.

"ही वाजवलीच नाही तुम्ही?"

"अं?"

"वाजवली नाही?" इन-सुक मोठ्यानं म्हणाली.

"मशीन कुठंय आमच्याकडे? घ्यायचं घ्यायचं म्हणत राहिलं."

"मग रेकॉर्ड कशाला घेतली?"

बाई विचारात पडली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. "दुकानातून उचलून नेत होते ना ते लोक. पेट्या भरत होते. मला वाटलं, एक तरी कुणाच्या घरी असावी."

इन-सुकनं तिला आत बसवलं, कानाला मोठे हेडफोन लावले आणि स्वतःच्या हातानं सुई खाली ठेवली. बाईनं डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "हळू म्हणते की. आम्ही कामावर फार घाईनं म्हणतो." तिला एकदाच ऐकायचं होतं. दुसऱ्यांदा लावते म्हटलं तर नको म्हणाली. कामाची वेळ चुकेल म्हणून निघाली.

त्या दुपारी गाणं सबंध वाजलं. त्या बाईच्या रेकॉर्डवरून.

सप्टेंबरात एक ठेंगणी, केस बारीक कापलेली बाई रेकॉर्डखोलीच्या दारात उभी राहिली. मासानला तिचं शिवणकामाचं दुकान होतं. तीच मोक यॉन-सिल. मि-राननं पत्ता शोधून पत्र टाकलं होतं. मुलाखत झाली. मुलाखतीत ती फारसं काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "माझी जुनी रेकॉर्ड इथे आहे म्हणे. खराब झालेली. बघू द्या की."

इन-सुकनं लाल पट्टीचं पाकीट काढलं. द्यायच्या आधी तिनं दोन्ही हात पोटाशी धरले आणि कमरेत वाकली. "ताई, ही माझ्याच हातानं झालीय. खिळ्यानं. ती मीच."

मोक यॉन-सिलनं रेकॉर्ड खिडकीपाशी नेली. उजेडात तिरकी करून बराच वेळ बघितली. ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"एका दमात काढलात?"

"हो."

"शेजारच्या गाण्याला लागलं नाही कुठे."

"नाही."

"हात सरळ आहे तुमचा. मला पॅन्टची शिवण इतकी सरळ येत नाही, आणि बारा वर्षं तेच करतेय." मग ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि मग रडली. इन-सुकला कळेना काय करावं. तिनं पाणी आणलं.

"माझा राग नाही आला?" शेवटी तिनं विचारलं.

"आलाय ना. न यायला काय झालं? दहा वर्षं रोज यायचा. कोण करत असेल म्हणून तोंड शोधायची मी. राक्षसासारखं काहीतरी." तिनं इन-सुककडे नीट बघितलं. "तुम्ही जेवलात का?"

दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. गव्हाच्या थंडगार शेवया, वर बर्फाचा चुरा. इन-सुकच्या आईच्या पिढीतल्या निर्वासितांनी ज्या शेवया इथे येऊन करायला घेतल्या होत्या, त्याच. मोक यॉन-सिलनं वाडग्याला तोंड लावून रस्सा संपवला आणि म्हणाली की दुकान बंद करून परत गायला वगैरे ती यायची नाही. गिऱ्हाइकांचे कपडे पडलेत. पण रेडिओ लावून ठेवीन.

डिसेंबरची सोळा तारीख आली. इन-सुकनं याआधी राष्ट्राध्यक्षासाठी मत दिलं होतं ते एकाहत्तरला, तीस वर्षांची असताना. आता ती शेहेचाळीसची. शाळेच्या पटांगणातली रांग फाटकाबाहेर गेली होती. कडाक्याची थंडी, माणसांच्या तोंडातून वाफा. पुढे एक नव्वदीतली आजी मुलाच्या पाठुंगळीवर बसून आली होती आणि मुलाला सारखी दटावत होती, "हलू नकोस, माझा कागद पडेल." इन-सुक त्या रांगेकडे बघत राहिली. जूनमध्ये बसच्या पत्र्यावर हात मारणारे, ऑगस्टमध्ये फडक्यात रेकॉर्ड बांधून आणणारे, हेच सगळे. आता कुणी काही ओरडत नव्हतं. हात बगलेत घालून, पाय आपटत, तास तास उभे होते.

"कुणाला दिलंत?" बाहेर आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं.

"गुप्त असतं ते."

"मला सुद्धा?"

"तुला तर आधी."

निकाल लागला तो बुसानमधल्या पुष्कळांना झोंबला. विरोधी बाजूचे दोन मोठे नेते एकमेकांत लढले, मतं फुटली आणि गादीवर परत जुन्याच गोटातला एक सेनापती बसला. केंद्रात मि-रान रेकॉर्डखोलीत येऊन शिडीच्या पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"कशासाठी केलं ताई सगळं? सांगा ना. कशासाठी?"

इन-सुकनं तिला रडू दिलं. मग रुमाल दिला.

"माझी दोन मतांमध्ये सोळा वर्षं गेली. आता पुढचं मत पाच वर्षांनीच येणार."

"पाच वर्षं म्हणजे काय थोडी आहेत?"

"तुला वाटतील जास्त. तू लहान आहेस." आणि मग ती म्हणाली, "मी आता घाबरत नाही गं. ती रांग बघितलीय मी."

इन-सुक आणखी अकरा वर्षं त्या खोलीत होती. लाल पट्ट्या तिनं स्वतः, एकेक करून, कोमट पाण्याच्या बोळ्यानं सोडवल्या. त्याला दीड वर्ष लागलं. निवृत्त झाली तेव्हा रेकॉर्डींची जागा छोट्या चकत्यांनी घेतली होती. पण मतदान तिनं एकही चुकवलं नाही. दॉक-सू गेल्यावरही नाही. शहात्तराव्या वर्षी, दोन हजार सतराच्या मे महिन्यात, ती गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी टेकत गेली. फाटक उघडायला अर्धा तास अवकाश होता. पहारा देणाऱ्या तरुण पोरीनं खुर्ची आणून दिली आणि म्हणाली, "आजी, एवढ्या लवकर कशाला आलात? कुणीच नाहीये अजून."

"येतील," इन-सुक म्हणाली. "मला त्यांना येताना बघायचंय."